ब्रँडसीचा झेंडा

एडगर टॅप्सेल यांनी जन्मभर लोकांना मोटार चालवायला शिकवली. मार्शवेलमधल्या निम्म्या लोकांना त्यांनी लायसन्स मिळवून दिलं आणि उरलेल्यांना, तुम्ही आपली सायकलच चालवा, असा सल्ला दिला. उभी हयात शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून गेल्यामुळे त्यांच्या अंगात दोन गोष्टी कायमच्या मुरल्या. एक म्हणजे, समोरचा माणूस आता चुकणार ही खात्री. दुसरी म्हणजे उजवा पाय. कोणी काही वेडंवाकडं करायला लागलं की टॅप्सेल यांचा उजवा पाय आपोआप जमिनीत दाबला जायचा, जणू तिथे ब्रेक आहे. शेजाऱ्याने गुलाब भलत्याच ठिकाणी छाटला की दाबला जायचा. पाद्रीबुवांचं प्रवचन लांबलं की दाबला जायचा. चर्चमधल्या त्यांच्या बाकाखालची फळी खचलीय असं त्यांची बायको विनिफ्रेड सांगते. पण ती काहीही सांगते.

निवृत्त झाल्यावर त्यांनी बोट घेतली. जमिनीवर तुच्छ लेखण्याजोगी माणसं संपत आली होती, हे एक कारण. आणि दुसरं म्हणजे, बोट असल्याशिवाय मार्शवेलच्या क्लबात खिडकीजवळ बसता येत नाही.

हा क्लब धक्क्याच्या टोकाला आहे. हिरवी लाकडी इमारत. भरतीला तिच्या खांबांपर्यंत पाणी येतं, ओहोटीला नुसता वास येतो. दारावरच्या पाटीवर 'मार्शवेल सेलिंग अँड क्रूझिंग क्लब' असं लिहिलेलं आहे. त्यातलं 'सेलिंग' शर्यतवाल्यांचं आणि 'क्रूझिंग' सफरवाल्यांचं, आणि मधल्या 'अँड'ला धरून दोन्ही बाजू गेली कित्येक वर्षं रस्सीखेच खेळताहेत.

शर्यतवाले दर शनिवारी स्वतःला रबरी कपड्यांत कोंबतात, टरफलासारख्या हलक्या होड्यांत बसतात आणि खाडीतल्या तीन बोयांभोवती गरगर फिरून जिथून निघाले तिथेच परत येतात. सफरवाल्यांच्या बोटी म्हणजे पोटात चूल, बिछाना आणि बिस्किटांचा डबा असलेली जाडजूड प्रकरणं. सफरवाल्यांनी समुद्रात जायचं, परक्या बंदरांना भेटी द्यायच्या, असा क्लबाचा नियम आहे. नियम फार जुना आहे. जुन्या गोष्टींना हात लावू नये, हे सफरवाल्यांना पटलेलं आहे.

"घाण्याचे बैल नुसते," टॅप्सेल खिडकीतून दुर्बीण लावून म्हणायचे. "फरक इतकाच, की घाण्यातून शेवटी तेल तरी निघतं."

शर्यतवाल्यांचा पुढारी हॉवर्ड स्ट्रिंगर. दातांचा डॉक्टर. समोरच्याचं तोंड उघडं आणि बोलणं बंद, अशा अवस्थेत जग पाहायची त्याला सवय. त्याने सफरवाल्यांना नाव ठेवलं होतं, 'तरंगती स्वयंपाकघरं'. "आणि तरंगती हा शब्द मी मोठ्या मनाने वापरतोय," असं तो वर म्हणायचा.

टॅप्सेल यांच्या बोटीचं नाव 'मार्गरीट'. तळाला दोन बाजूंना दोन पाय असलेली बोट. ओहोटीला पाणी गेलं की इतर बोटी कुशीवर कलंडतात, ही मात्र चिखलात अंड्यावर बसलेल्या कोंबडीसारखी सरळ बसून राहते. वेगाने जाणं तिच्या स्वभावात नाही. वाऱ्याविरुद्ध जाणं तर तिला उद्धटपणाच वाटतो.

आता त्या झेंड्यांबद्दल सांगायला हवं. सफरीला गेलेला माणूस परक्या क्लबाला आपला छोटा त्रिकोणी झेंडा देतो, त्यांचा घेऊन येतो आणि तो आपल्या क्लबाच्या भिंतीवर टांगतो, अशी पद्धत आहे. मार्शवेलच्या भिंतीवर असे झेंडे रांगेने होते आणि ते जवळपास सगळे ब्रँडसीचे होते. ब्रँडसी हे शेजारचं बंदर. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे, तो ओलांडायचा, उघड्या समुद्रात यायचं आणि किनारा डाव्या हाताला ठेवून दोन-तीन तास जायचं. रस्त्याने गेलं तर पुलावरून अर्धा तास. सर्वांत जास्त झेंडे कमोडोर ओकशॉटबाईंचे होते. कमोडोर म्हणजे अध्यक्षच, फक्त डोक्यावर टोपी असते. त्याखालोखाल टॅप्सेल यांचे तीन. त्या तीन सफरींच्या गोष्टी त्यांनी शेगडीजवळच्या सफरवाल्यांच्या टेबलाशी इतक्या वेळा सांगितल्या होत्या, की दुसऱ्या सफरीतल्या वादळातली लाट आता चर्चच्या मनोऱ्याएवढी झाली होती.

गेल्या काही वर्षांत मात्र भिंतीवर नवा झेंडा लागला नव्हता. वारा पूर्वीसारखा राहिला नाही, असं सफरवाल्यांचं म्हणणं.

वसंतातल्या सभेत स्ट्रिंगर उभा राहिला. खाऱ्या वाऱ्याने पाटीचा रंग उडाला होता, रंगाऱ्याला सांगणं झालं होतं. स्ट्रिंगर म्हणाला, "पाटी नव्याने रंगवायचीच आहे, तर माझी सूचना अशी की अर्धीच रंगवावी. 'मार्शवेल सेलिंग क्लब'. बास झालं. हे लोक शेवटचे कुठे गेले होते? शेगडीपासून खिडकीपर्यंत. ते टेबल हलवून तिथे आमचे ओले कपडे वाळत घालायला दांडी लावू."

सफरवाल्यांच्या टेबलाशी एकदम सर्वांना चहात काहीतरी दिसू लागलं.

"सूचना वाईट नाही," ओकशॉटबाई म्हणाल्या. मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून त्यांनी कारकीर्द गाजवली होती, त्यामुळे त्या कोणाशीही बोलल्या तरी समोरचा माणूस पायमोजे वर ओढायचा. "पण न्याय हवा. पाटी रंगवायच्या आत एका जरी सफरवाल्याने बोटीने ब्रँडसीला जाऊन झेंडा आणला, तर 'क्रूझिंग' हा शब्द राहील. कोण जाणार?"

त्या बोलल्या आणि चहा ढवळायला लागल्या. त्यांच्या नावाचे सात झेंडे मागच्या भिंतीवर निमूट लटकत होते.

टॅप्सेल यांच्या डोळ्यांसमोर शेगडीजवळची आपली खुर्ची आली. तिच्या जागी टपटप गळणारा रबरी पायजमा दिसला. घरी त्यांचं कोणी ऐकत नव्हतं, रस्त्यावर आता कोणी विचारत नव्हतं, शिकाऊ गाड्यांत आता भलतेच लोक बसत होते. जगात हे एकच टेबल उरलं होतं, जिथे ते बोलायला लागले की चार माणसं माना हलवायची. त्यांचा उजवा पाय जोरात दाबला गेला. पण आयुष्यात पहिल्यांदाच ब्रेक लागला नाही.

"मी जातो," ते म्हणाले. "या शनिवारी. आपल्याला काय, नेहमीचंच आहे."

घरी विनिफ्रेड शब्दकोडं घेऊन बसली होती.

"विनी, तो पूल सुरू झाला का गं?"

"कुठला पूल?" तिला पक्कं ठाऊक होतं.

"ब्रँडसीचा."

"झाला की. इतकी वर्षं दुरुस्ती चालली होती, गेल्या महिन्यात उघडला. का? मासे हवेत?"

टॅप्सेल यांनी घसा साफ केला. "शनिवारी मी बोट घेऊन निघतोय. रात्रभर कुरव बेटाच्या मागे नांगर टाकून राहीन. तिथे तो महायुद्धातला काँक्रीटचा बुरूज आहे, त्याच्याआड डोलकाठीसुद्धा दिसत नाही. तू दुपारी गाडीने..."

"म्हणजे मी परत त्या पिल्बीमसाहेबांच्या दारात उभी राहू. आमचे हे बोटीत जरा कामात आहेत, म्हणून झेंडा न्यायला मला पाठवलंय, असं सांगू."

"मागच्या वेळी हेच सांगितलं होतंस."

"मागच्या तिन्ही वेळा हेच सांगितलं होतं." तिने पेन्सिल खाली ठेवली. "एडगर, तू एकदा खराच का जात नाहीस?"

"तुला समुद्रातलं काही कळत नाही."

"मला नाही कळत. पण मी तसं चारचौघांत सांगत फिरत नाही."

शनिवारी सकाळी भरतीला 'मार्गरीट' निघाली. ओकशॉटबाईंनी शर्यतीची छोटी पितळी तोफ उडवली. लोकांनी हात हलवले. टॅप्सेल यांनी टोपी काढून गंभीर चेहऱ्याने निरोप घेतला. वळणापलीकडे क्लब दिसेनासा झाल्यावर त्यांनी टोपी घातली, शीड उतरवलं, इंजिनाच्या जोरावर कुरव बेटाला वळसा घातला आणि बुरुजामागे नांगर टाकला. तासाभरात पाणी ओसरलं. 'मार्गरीट' दोन पायांवर चिखलात बैठक मारून बसली. टॅप्सेल यांनी चूल पेटवली, तव्यावर सॉसेज टाकले आणि मनात म्हणाले, ही खरी सफर. बाकी सगळा देखावा.

सॉसेजची एक बाजू झाली होती, तेवढ्यात बुरुजाच्या टोकाशी शिडाचं पांढरं टोक दिसलं. त्या शिडावर लाल पट्टा होता. खाडीत लाल पट्ट्याचं शीड एकच, हॉवर्ड स्ट्रिंगरचं.

टॅप्सेल यांनी क्षणात खालच्या कप्प्यातून घासायचा ब्रश काढला आणि चिखलात उडी मारली.

यामागे मार्शवेलचा एक धर्म आहे. या खाडीत चिखलात रुतण्यासारखी दुसरी नाचक्की नाही. वर्षअखेरच्या जेवणात, वर्षात सर्वांत बावळटपणे रुतलेल्या माणसाला एक गंजका नांगर समारंभपूर्वक देतात, आणि तो पुढचं वर्षभर त्याच्या घराच्या दर्शनी भागात ठेवावा लागतो. ते भाषण दर वर्षी स्ट्रिंगरच करायचा, दात काढावा तसं, सावकाश. पण उभ्या बोटीशेजारी माणूस ब्रश घेऊन तिचा तळ घासताना दिसला, तर तो रुतलेला नसतो. तो मुद्दाम थांबलेला असतो. मग बघणाऱ्याने 'शेवाळ फार झालंय वाटतं?' एवढंच विचारायचं आणि पुढे जायचं. हा नियम शर्यतवालेही पाळतात, कारण चिखल कोणाला ओळखत नाही.

टॅप्सेल गुडघाभर चिखलात उभे राहून मनापासून घासू लागले. उरलेल्या चिंचोळ्या पाण्यातून स्ट्रिंगर सरसर येत होता. त्याचे दात आधी दिसले, मग तो.

"अरे वा, टॅप्सेल!" तो ओरडला. "ही ब्रँडसी का? फार बदललीय हो. ते चर्च कुठे गेलं? दुकानं कुठे गेली?"

"तळ घासतोय," टॅप्सेल म्हणाले.

"शेवाळ फार झालंय वाटतं?"

"फार."

"घासा, घासा. चांगली चमकवा. मी आपला क्लबात जाऊन सांगतो, टॅप्सेलसाहेब ब्रँडसीला सुखरूप पोचले. वाटेत फक्त एक बेट आडवं आलं आणि ते नम्रपणे मागे थांबले." असं म्हणत त्याने ऐटीत, झटक्यात, शर्यतीत बोयाला वळतात तशी होडी वळवली.

टॅप्सेल यांचा उजवा पाय आपोआप दाबला गेला आणि चिखलात घोट्याच्या वर गेला. ते शिक्षक होते. त्यांना दिसलं होतं.

शर्यतीच्या होडीच्या पोटातून एक फळी खाली सोडलेली असते. तिच्याशिवाय होडी वाऱ्याविरुद्ध जात नाही. ती फळी खच्चकन चिखलात शिरली, होडी तिच्याभोवती गर्रकन फिरली, काहीतरी कडाडलं आणि स्ट्रिंगर पाठीवर चिखलात बसला. होडीही तिथेच बसली. पाणी ओसरतच होतं. पाहता पाहता तेही निघून गेलं.

वर कुरव पक्ष्यांनी एकच कलकलाट केला.

"शेवाळ फार झालंय वाटतं?" टॅप्सेल म्हणाले.

स्ट्रिंगरने तोंडावरचा चिखल पुसला. मग म्हणाला, "ब्रश आहे का जास्तीचा?"

टॅप्सेल यांनी दुसरा ब्रश फेकला. तो नेमका स्ट्रिंगरच्या छातीवर आदळला. नेम चांगला होता.

मग मार्शवेलच्या क्लबातली दोन प्रतिष्ठित माणसं, ज्यांना त्या क्षणी काठावर पहुडलेला एक सील सोडून कोणीही पाहत नव्हतं, आपापल्या होडीचा स्वच्छ तळ घासत उभी राहिली. सीलने थोडा वेळ पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"मी सगळं सांगणार आहे," स्ट्रिंगर घासता घासता म्हणाला.

"सांगा ना. कुठे पाहिलंत तेही सांगा. कसे बसला होतात तेही सांगा. गंजका नांगर तुमच्या दवाखान्यात शोभून दिसेल. बसल्या बसल्या पेशंट बघतील."

"तुम्ही खोटारडे आहात, टॅप्सेल."

"आणि तुम्ही चिखलात आहात, स्ट्रिंगर."

सॉसेज तोवर एका बाजूने कोळसा झाले होते. तरी स्ट्रिंगरने दोन खाल्ले. तरंगत्या स्वयंपाकघरातला चहाही त्याने घेतला, आणि साखर कमी आहे असं म्हणाला. वल्ही काही त्याच्या होडीत नव्हती. वजन वाढतं म्हणून शर्यतवाले ती बाळगत नाहीत. फळीचे दोन तुकडे झाले होते आणि वारा क्लबाच्या बाजूने येत होता. म्हणजे आपल्या पायांनी त्याला घरी जाणं शक्य नव्हतं.

तेवढ्यात टॅप्सेल यांचा फोन वाजला. विनिफ्रेड.

"मिळाला का झेंडा?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

"मिळाला. माझ्या मांडीवर आहे. मी ब्रँडसीच्या धक्क्यावर बसलेय, ऊन छान आहे, चिप्स खातेय."

"ठीक. मग संध्याकाळी घरी..."

"घरी आणणार नाही. हवा असेल तर इथे येऊन घे."

"विनी, मी कसा येऊ? गाडी तुझ्याकडे आहे."

"बोट तुझ्याकडे आहे," विनिफ्रेड म्हणाली. "इथे बाकाखाली कबुतरं आहेत, माझा वेळ चांगला जातोय. दिवे लागेपर्यंत थांबते. तोवर आला नाहीस, तर झेंडा पिल्बीमसाहेबांना परत करून येईन." आणि तिने फोन ठेवला.

टॅप्सेल फोनकडे बघत राहिले. त्यांनी हजारो माणसांना शिकवलं होतं. त्यातली विनिफ्रेड पहिली. गाडी चालवायला तिला आपणच शिकवलं याचा त्यांना इतका पश्चात्ताप कधी झाला नव्हता.

दुपार कलताना पाणी परत आलं. 'मार्गरीट' हलली, उचलली गेली, तरंगली. स्ट्रिंगरची होडी त्यांनी ओढून बेटाच्या वाळूवर घेतली आणि बांधून ठेवली.

"चला, तुम्हाला क्लबात सोडतो," टॅप्सेल म्हणाले. त्यांच्या आवाजात आशा होती. सगळं बुडालं तर निदान स्ट्रिंगरला आपल्या बोटीतून नेल्याचं समाधान.

"क्लबात?" स्ट्रिंगर ओरडला. "शनिवार आहे! आत्ता सगळे खिडकीत चहा पीत बसले असतील! यातून? ह्या तव्याच्या वासात? अजिबात नाही."

"मग?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. एका बाजूला क्लबाची खिडकी होती, आणि खिडकीत ओकशॉटबाई. दुसऱ्या बाजूला समुद्र. समुद्रात माणूस फार तर बुडतो.

"ब्रँडसी," स्ट्रिंगर म्हणाला.

माणसं साहसाने समुद्र ओलांडतात, असं पुस्तकांत लिहितात. मार्शवेलचा अनुभव वेगळा आहे.

शीड चढलं. वारा पाठीशी होता. खाडी रुंद होत गेली, दोन्ही काठ मागे सरकले, शेवटचा बोया गेला आणि समोर वाळूच्या दांड्यावर पांढरी रेघ दिसू लागली. त्या रेघेचा आवाज येत होता. टॅप्सेल यांच्या गोष्टींत त्या रेघेला आवाज नसायचा.

"इथून कुठल्या बाजूने जायचं?" सुकाणू धरलेल्या स्ट्रिंगरने विचारलं.

टॅप्सेल नकाशा उलटसुलट करत होते.

"अहो, तुम्ही तीनदा आलाय ना?"

टॅप्सेल यांनी नकाशा आणखी एकदा उलटा केला. स्ट्रिंगरने त्यांच्याकडे नीट पाहिलं. दातांच्या डॉक्टरला, कुठे दुखतंय हे माणूस सांगत नसला तरी कळतं.

"एकदाही नाही?"

"टेबलाशी बसून बरेचदा," टॅप्सेल म्हणाले. "आणि तुम्ही?"

"मी तीन बोयांच्या पुढे कशाला जाईन?" स्ट्रिंगर म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "बक्षीस तिथे असतं."

पहिली लाट आली. मनोऱ्याएवढी नव्हती. जेवणाच्या टेबलाएवढी असेल. पण टेबल कधी अंगावर चालून येत नाही. 'मार्गरीट'ने नाक वर केलं, क्षणभर आकाशाकडे पाहिलं आणि धाडकन खाली आली. स्वयंपाकघरातली सगळी भांडी एकदम बोलली. टॅप्सेल यांनी दोन्ही हातांनी दोर धरला होता, डोळे मिटले होते आणि उजवा पाय जिवाच्या आकांताने फळीत दाबला होता. दुसरी लाट. तिसरी. तिसऱ्या लाटेत त्यांना कळलं की पाय दाबून काही उपयोग नाही, आणि त्यांनी तो उचलला. तिथे ब्रेक नाही, हे त्या पायाला पहिल्यांदाच समजलं. त्यांनी डोळे उघडले.

"डावीकडे घे!" ते ओरडले. "डावीकडे, गाढवा, फेस कुठे नाही ते बघ!"

"ओरडू नको, घेतोय ना!"

आणि मग आवाज मागे पडला. पाणी लांब, निळसर, संथ झालं. तिथे एकही बोया नव्हता, एकही खिडकी नव्हती. दोघं बराच वेळ गप्प होते. त्यांच्यासारख्या माणसांना हे किती जड गेलं असेल! स्ट्रिंगरला एकदा ओकारी झाली, तीही त्याने वाऱ्याकडे तोंड करून केली. टॅप्सेल यांनी त्याला टॉवेल दिला. याबद्दल पुढे कधी बोलायचं ते मनात ठरवून ठेवलं.

ब्रँडसीला पोचले तेव्हा धक्क्यावरचे दिवे नुकते लागत होते. विनिफ्रेड बाकावर बसली होती, मांडीवर झेंडा, शेजारी कागदात गुंडाळलेल्या चिप्स.

"उशीर केलात," ती म्हणाली. "चिप्स गार झाल्या." मग कमरेपर्यंत चिखलाने माखलेल्या त्या दोघांकडे बघत म्हणाली, "आणि हे डॉक्टर कुठे सापडले?"

"वाटेत होते," टॅप्सेल म्हणाले.

तिने झेंडा त्यांच्या हातात दिला. देताना हात जरासा जास्त वेळ धरला. मग त्यावरचा चिखल रुमालाने पुसला. झेंड्यावरचा नव्हे, हातावरचा.

ब्रँडसी क्लबाचे सेक्रेटरी ऑब्री पिल्बीम धक्क्यावरून लगबगीने आले. बारीक, टकले, आनंदी गृहस्थ. त्यांनी आधी बोटीकडे पाहिलं, मग टॅप्सेल यांच्याकडे, मग पुन्हा बोटीकडे, आणि टॅप्सेल यांचा हात दोन्ही हातांनी हलवू लागले.

"बोटीने आलात? खरंच बोटीने? अहो, कमाल केलीत! मी सेक्रेटरी झाल्यापासून मार्शवेलहून पाण्यातून आलेले तुम्ही पहिले! तुमचे बाकीचे सगळे गाडीने येतात. कमोडोरबाई तर नेहमी गुरुवारी, गुरुवारी बाजार असतो ना. झेंडा नेतात आणि कोबी नेतात. पूल बंद झाला आणि तुमच्या लोकांच्या समुद्रसफरी एकदम थांबल्या बघा. आम्हाला काळजीच वाटत होती."

स्ट्रिंगर गार चिप्स खात होता. त्याचा घास तोंडातच राहिला.

"सगळे?" टॅप्सेल यांनी विचारलं.

"एकूण एक. आमचे लोकही तुमच्याकडे तसेच येतात म्हणा," पिल्बीम म्हणाले. "रस्ता फार सुंदर आहे."

रविवारी उतरत्या उन्हात 'मार्गरीट' परत आली. येताना बेटावरून स्ट्रिंगरची होडी दोरीला बांधून घेतली होती. खिडकीत सगळा क्लब उभा होता. स्ट्रिंगरने उतरताच जाहीर केलं की सफर खरी होते की नाही हे तपासायला आपण स्वतः परीक्षक म्हणून सोबत गेलो होतो, आणि खात्री पटली. त्या वर्षी गंजका नांगर कोणालाच दिला गेला नाही. योग्य उमेदवार नव्हता, असं तो भाषणात म्हणाला आणि भाषण पटकन संपवलं. रंगाऱ्याने पाटी पूर्ण रंगवली.

पण टॅप्सेल यांच्या जिवाला एक वेगळाच चटका लागला होता. आयुष्यात एकदाच खरी सफर केली, आणि ती पहिली होती हे सांगायची सोय नव्हती. पहिल्या तीन भिंतीवर लटकत होत्या. बाकीचे झेंडे कसे आले हे सांगायचं, तर आपले कसे आले तेही सांगावं लागणार. खऱ्या सफरीला चौथ्या नंबरवर गप्प बसवावं लागलं. शेगडीजवळ सगळे जमले तेव्हा त्यांनी सांगायचा प्रयत्न केला.

"दांड्यावर लाटा होत्या," ते म्हणाले. "टेबलाएवढ्या."

"टेबलाएवढ्या?" शेजारच्याने जांभई दिली. "मागच्या वेळी मनोऱ्याएवढ्या होत्या. तीच सांगा ना, वादळाची. ती चांगली आहे."

"वाराही बरा होता," टॅप्सेल म्हणाले. "पोचलो."

"वय झालं आता यांचं," पलीकडून कोणीतरी हळूच म्हणालं. "पूर्वी काय रंगवून सांगायचे!"

शेवटी त्यांनी वादळाचीच सांगितली. माना हलल्या. ओकशॉटबाई म्हणाल्या, "शाबास. यालाच सफर म्हणतात. पुढच्या महिन्यात मीसुद्धा ब्रँडसीला जाऊन येईन म्हणते. समुद्राची हाक आली की मला राहवत नाही." आणि दोन-तीन सफरवाल्यांनाही लगेच ती हाक ऐकू आली.

कोपऱ्यात विनिफ्रेड शब्दकोडं सोडवत होती. तिने मान वर न करता विचारलं, "पुढच्या महिन्यात? एडगर, पुलाचं काम परत निघतंय म्हणे ना? सोमवारपासून बंद."

कोणाचा तरी चमचा बशीत पडला. ओकशॉटबाईंनी कप खाली ठेवला आणि टोपी सरळ केली. पलीकडच्या टेबलावर हॉवर्ड स्ट्रिंगरला जोरात खोकला आला.

टॅप्सेल यांनी शेगडीकडे पाय पसरले, दोन्ही पाय, आणि चहात आणखी एक चमचा साखर घातली.